टिनावर ‘अहो’ नसतं

माझा सासरा माझ्या साडभावाला पाठीत धपाटा घालतो आणि माझ्या पायाला हात लावतो. यात जळण्यासारखं काय आहे, असं बायको विचारते. तिला कारण सांगायचं तर आधी आमचा धंदा सांगावा लागेल, आणि धंद्याचं ऐकायला ती कधी बसत नाही. म्हणून इथे सांगतो.

मी टिनवाला. पुण्याकडची माणसं पत्रा म्हणतात, आम्ही भंडारा जिल्ह्यातले टिन म्हणतो. राइस मिलचे शेड, धानाची गोदामं, गोठे, घरं, जिथे वर सावली पाहिजे तिथे मी चढतो. हे काम एकट्याचं नाही. टिन लांब असतं, अंगानं हलकं आणि स्वभावानं अवखळ. एक जण आढ्यावर बसतो, दुसरा खाली वळचणीला. वरचा ओढतो, खालचा सोडतो, दोघांनी एका दमात ते जागेवर बसवायचं आणि वारा यायच्या आत कसायचं. म्हणून टिनवाल्याला बायकोआधी जोडीदार लागतो.

आणि वर चढलं की एकच भाषा. ‘अबे धर’, ‘अबे सोड’, ‘सरक बे’. वर ‘अहो’ नसतं, ‘तुमी’ नसतं. ‘तुमी जरा तिकडं सरकता का’ एवढं म्हणेपर्यंत टिन माणसाला घेऊन बांधीत, खालच्या धानाच्या शेतात, पडलेलं असतं. भंडाऱ्याजवळच्या एका मिलचा सेठ हौसेनं आमच्यासोबत वर आला होता. पांढरे कपडे, गळ्यात चेन. टिन सरकवताना तो मध्ये आला. मी ओरडलो, ‘हट ना बे, बोटं कापशीन!’ तो निमूट हटला. खाली उतरल्यावर मी म्हणालो, ‘सेठजी, चाय सांगू का?’ त्यानंही काही मनाला लावून घेतलं नाही. वरचं बोलणं वर ठेवून खाली यायचं, हा आमच्या धंद्यातला रिवाज आहे.

माझा जोडीदार म्हणजे आजचा माझा साडभाऊ. तेव्हा तो कुणाचा कोणी नव्हता, नुसता जोडीदार होता. चार भावांतला धाकटा, घरी शेतीचं वावर कमी आणि खाणारी तोंडं जास्त. पण हात चांगला. वर बसला की आढ्यावरचा पक्षीच. मी नुसतं ‘हं’ म्हटलं की तो टिन ओढायचा. अशी जोडी नशिबानं मिळते आणि ती मी स्वतःच्या हातानं मोडली.

झालं असं की पवनीकडे एका गोदामाचं काम होतं. तिथून आसगाव जवळ, आणि आसगाव माझं सासर. डबा आणला नव्हता. म्हटलं, चल, सासरी जेवून येऊ. जावई अचानक आला म्हटल्यावर सासूची धांदल उडाली. मला छपरीत, म्हणजे ओसरीवर, खुर्ची, खुर्चीवर उशी, हातात पाण्याचा गडवा. हा पठ्ठ्या मात्र सरळ बाजूच्या अंगणात गेला. तिथे सासरा गोठ्याचा वाकलेला खांब एकट्यानं उभा करत होता. ह्यानं जाऊन खांद्यानं रेटा दिला. सासरा म्हणाला, ‘दाब बे, आनखी दाब.’ खांब उभा राहिला. मी खुर्चीत बसून पाहत होतो. मध्येच उठलो तर सासूबाई म्हणाल्या, ‘बसा ना पाहुणे, तुमी कायले उठता?’

जेवताना सासऱ्यानं मला विचारलं, ‘पोट्टा कसा हाये?’ मी म्हणालो, ‘चांगला हाये मामाजी. दारू नाई, काई नाई.’ उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. माझ्या सासऱ्याला दोनच मुली, मुलगा नाही. थोरली मला दिलेली. धाकटीसाठी त्यांना असा मुलगा पाहिजे होता जो घरी येऊन राहील, बांध्या पाहील. दिवाळीनंतर लग्न झालं आणि माझा जोडीदार आसगावला घरजावई म्हणून गेला. माझ्या शिफारशीवर गेला. आपल्या पायावर धोंडा कसा पाडून घ्यावा हे कुणाला शिकायचं असेल तर माझ्याकडे यावं.

आता दोघे जावई, पण दोघांत फरक पाहा. मी गेलो की सासरा हातातलं काम टाकून येतो, डोक्यावरची टोपी नीट करतो आणि वाकून माझ्या पायाला हात लावतो. माझ्यापेक्षा वयानं दुप्पट माणूस. आमच्याकडे जावयाचा मान असाच असतो, मी नको म्हणून चालत नाही. मग मला पाट, मला पहिलं ताट, कोंबडा कापला तर तंगडी मला. मी जेवून हात धुतल्याशिवाय घरातलं कोणी जेवत नाही. मी एकटा छपरीत जेवतो आणि समोर सासरा हात जोडल्यासारखा उभा राहतो, ‘घ्या ना पाहुणे, काईच नाई खाल्लं तुमी.’ मग मी उठलो की आत चुलीजवळ ते सगळे जमतात. सासरा, सासू, साळी म्हणजे त्याची बायको, आणि तो. भांड्यांचा आवाज येतो, हसण्याचा येतो. ‘अबे, मले ठेव ना जरा रस्सा,’ असं सासरा म्हणतो. मी बाहेर सुपारी चघळत असतो, आणि ती सुपारी मला गोड लागत नाही.

आमच्याकडे हिंदीतून आलेली एक म्हण आहे. दूर जवाई फूल बराबर, घर जवाई गधे बराबर. लोक ती हसून सांगतात. मी फूल होतो आणि मला त्या गाढवाचा हेवा वाटत होता. साधासुधा नाही, तळपायाची आग मस्तकाला जाईल असा.

माझे वडील मी लहान असतानाच गेले. आम्ही बपेऱ्याकडचे. घरात थोरला मी, तेव्हा वयाआधीच कर्ता झालो. आईसुद्धा मला विचारून बोलायची. धाकटे भाऊ ‘दादा’ म्हणत आणि घाबरत. ‘अबे, कुठं उंडारतोस, जेव पहिले’ असं म्हणून कोणी पाठीत धपाटा घातल्याचं मला आठवत नाही. लग्न ठरलं तेव्हा मनात आलं होतं, चला, आपल्याला सासरा मिळाला. मिळाला, पण पायाला हात लावणारा मिळाला. आणि मला पाहिजे होता तो धपाटा माझ्याच जोडीदाराच्या पाठीवर बसत होता.

पुढे आसगावचं घर माकडांनी मोडलं. जुनं कवेलूचं घर, मागे चिंच. काळ्या तोंडाची माकडं चिंचेवरून धाडकन घरावर उड्या टाकत. दरवर्षी पावसाआधी सासरा वर चढून कवेलू चाळायचा, फुटके काढून नवे घालायचा. पण नवे कवेलू आता मिळत नाहीत. आमच्या भागातले कुंभार ते काम सोडून बसले. शेवटी एक दिवस बायकोनं भाकऱ्या थापता थापता सांगितलं, ‘बाबा घरावर टिना टाकून राहिले.’

माझा हात थांबला. मी विचारलं, ‘कधी?’

‘पुढच्या हप्त्यात. माल आला म्हणे.’

‘मापं कोणी घेतली?’

‘जवाईभाऊनं.’

मी जेवण तसंच ठेवलं. जिल्ह्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लोक मला बोलावतात, आणि माझ्या सासऱ्याच्या घरावर टिन पडणार ते मला तव्यासमोर कळतं. मी म्हणालो, ‘मले एक फोन नाई करता आला मामाजीले?’

बायको म्हणाली, ‘तुमाले कायले करतीन? जवाई काय सासऱ्याच्या घरावर चढते?’

हे खरं होतं. आमच्या सासरी तरी जावई घरावर पाय ठेवत नाही. पितरांना कागूर टाकतात, म्हणजे पितृपंधरवड्यात पान वाढून त्यातला घास वर फेकतात, तो घराच्या छपरावर. म्हणून छप्पर म्हणजे त्या घराच्या पितरांची बसायची जागा. जावई दुसऱ्या कुळाचा, त्याचे पाय तिथे लागू नयेत. मी म्हणालो, ‘मंग तो कसा चढते?’

‘तो घरचाच हाये ना,’ बायको म्हणाली आणि भाकर उलटली.

घरचा. हा शब्द पोटात घेऊन मी ते दिवस काढले. तुमसरला एका गोठ्याचं काम होतं, तिथे नव्या जोडीदारावर नाही नाही ते ओरडलो. त्या बिचाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. त्याचं एवढंच चुकत होतं की तो आसगावात नव्हता.

टिन टाकायच्या दिवशी आम्हाला बोलावणं होतं. काम करायला नाही, नारळ फोडायच्या वेळी बसायला. आम्ही सकाळी मोटरसायकलनं निघालो. वैनगंगेच्या पुलावर ऊन चढलेलं, वारा नव्हता. मी मनात म्हटलं, नाही वारा, त्याचं नशीबच चांगलं. पोहोचलो तर कवेलू उतरवून भिंतीला नीट रचून ठेवलेले. एकही फेकलेला नाही. जुन्या लाकडांच्या जागी लोखंडी पाइप बसवलेले. सासरा आला, टोपी नीट केली, वाकला. मग कडुनिंबाखाली खुर्ची मांडली, तिच्यावर तीच उशी. ‘बसा पाहुणे. आता पाहा मज्या.’

पाहा मज्या. मी बसलो.

आढ्यावर कोण बसलं असेल? सासरा स्वतः. गावात दुसरा माणूस मिळाला नाही असं नव्हतं. म्हाताऱ्याला हौस होती, आपल्या घरावर आपण बसायची. खाली वळचणीला, लाकडी घोडीवर माझा साडभाऊ. म्हणजे मी जिथे उभा राहायचो तिथे तो, आणि जिथे तो बसायचा तिथे माझा सासरा. एकेका टिनाला दोघे ‘ओढ बे’, ‘सोड बे’ करत होते. साडभाऊसुद्धा त्यांना म्हणत होता, ‘बाबा, ढिला सोड ना बे!’ आणि सासरा ते ऐकून वरून हसत होता.

मी चुका शोधायला लागलो. दुसरं काय करणार? डोळे बारीक करून टिनाची ओळ पाहिली, वाकडी असेल. वाकडी नव्हती. टिनावर टिन चढतं तेव्हा त्याची कड वाऱ्याकडे पाठ करून असावी लागते, नाहीतर वारा आत शिरून टिन उचलतो. आमच्याकडे पावसाचा वारा पश्चिमेकडून येतो. म्हणून सुरुवात पूर्वेकडून करायची. हा पश्चिमेकडून सुरू झाला असेल, म्हणून मान वळवून पाहिलं. पूर्वेकडूनच झाला होता. मीच त्याला शिकवलं होतं. नाचता येईना म्हणायलाही जागा नव्हती, त्याला नाचता येत होतं आणि अंगणही सरळ होतं. मी चहाची बशी फुंकून फुंकून पीत राहिलो.

दुपार टळल्यावर पश्चिमेला आभाळ काळवंडलं. मे संपत आला की आमच्याकडे असं होतं. दिवसभर पान हलत नाही आणि मग एकदम वावधन येतं, धूळ आणि वारा, पावसाचा थेंब नाही. टिनं जवळजवळ सगळी कसून झाली होती. शेवटचं एकच राहिलं होतं, पश्चिमेच्या टोकाचं. मी खुर्चीतून ओरडलो, ‘आता ठेवा, वारा येऊन राहिला!’ पण ते टिन वर चढवून झालं होतं. वर एकही स्क्रू नव्हता, खाली एकही नव्हता.

वाऱ्याचा पहिला झोत आला तेव्हा टिन मधून फुगलं. दुसऱ्यानं सासऱ्याच्या हातातून वरचं टोक सुटलं. म्हातारा आढ्यावर पालथा पडून पाइपाला धरून राहिला. खालून साडभावानं दोन्ही हातांनी टिन धरलं होतं, पण एकट्यानं टिन धरायचं म्हणजे उधळलेल्या बैलाचं शेपूट धरायचं. त्यानं मान वळवली आणि ओरडला, ‘अबे चढ ना बे!’

ते मला होतं. खाली दुसरं कोणी टिनवालं नव्हतं. त्याला त्या घडीला मी पाहुणा आहे हे आठवलं नाही, आणि खरं सांगतो, मलाही नाही. माझी खुर्ची मागे पडली. शिडीवरून मी कसा वर गेलो ते पायांना माहीत. सासूबाई खालून ‘पाहुणे, पाहुणे’ करत राहिल्या. मी वर गेलो आणि त्या टिनावर अंग टाकलं. सुटलेल्या टिनाला हातानं धरत नाहीत, त्याच्यावर आडवं पडतात. ते माझ्या छातीखाली थडथडत होतं, इतकं तापलेलं की शर्टातून भाजत होतं. समोर सासऱ्याचं तोंड, धुळीनं पांढरं. तोंडाला तोंड लागेल एवढ्या जवळ. टोपी उडून गेलेली.

आणि तो माझ्यावर ओरडला, ‘दाबून धर बे! सोडू नोको! अबे, वर सरक ना, गधा कुठला!’

मी सरकलो. वारा कानात भरला होता, डोळ्यांत माती गेली होती, खाली माझी बायको देवाचं नाव घेऊन रडत होती. आणि मी खुश होतो. इतका खुश की हसू यायला लागलं. सासरा आणखी चिडला, ‘हासतो काय बे, मरशीन ना!’ आणि त्यानं आपला हात मोकळा करून माझ्या पाठीत एक धपाटा घातला.

वारा आला तसा गेला. लाइन गेली होती, म्हणून स्क्रू कसायचं मशीन बंद. साडभावानं खालून पाना आणि स्क्रू फेकले. आधी केलेल्या भोकांतून हातानं कसायचे होते. खालचे त्यानं कसले, वरचे मी. सासरा दोन्ही हातांनी टिन दाबून बसला होता आणि प्रत्येक स्क्रूला मला सांगत होता, ‘नीट कस बे’, ‘इकडं दे’, ‘थांब, मी धरतो’. जसं काही मी आयुष्यात पहिल्यांदा पाना हातात घेतला होता. मी ‘हाव’ म्हणत होतो.

मग एकच स्क्रू राहिला. आढ्याजवळचा.

स्क्रूच्या डोक्याखाली रबराचा वायसर असतो. तो टिनावर बसला, किंचित दबला, की थांबायचं. हे मी कितीतरी जणांना शिकवलं आहे. जास्त कसलं की रबर चपटं होतं, बाजूनं बाहेर येतं, पुढे उन्हानं फुटतं. सगळं माहीत होतं. पण मला हेही माहीत होतं की हा स्क्रू बसला की काम संपलं, काम संपलं की खाली उतरायचं, आणि खाली माझी खुर्ची होती. मी पाना फिरवला. रबर दबलं. मी आणखी फिरवला. सासरा म्हणाला, ‘झालं का बे?’ मी म्हणालो, ‘होऊन राहिलं.’ आणखी एक फेरा दिला. रबर बाहेर डोकावलं. आणखी थोडा. वळचणीवरून साडभाऊ माझ्याकडे पाहत होता. तो माझा जोडीदार, त्याला माझ्या हाताचा प्रत्येक फेरा कळत होता. तो म्हणाला, ‘किती कसतो? उतर ना भाऊ आता. खुर्ची हाये ना तुयी खाली.’

‘भाऊ’ म्हणाला. वर. आमच्या सगळ्या वर्षांत वर चढून त्यानं मला भाऊ म्हटलं नव्हतं.

मी उतरलो. सासरा मागून उतरला. कोणीतरी त्याची टोपी शोधून आणली, ती त्यानं झटकली, डोक्यावर नीट बसवली, आणि वाकून माझ्या पायाला हात लावला. ‘माफ करा पाहुणे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असंन.’ मग वर छपराकडे पाहून पितरांनाही हात जोडले. सासूबाईंनी खुर्ची उभी केली, पुसली. चहा आला. मी बशीत ओतला आणि पाहिलं तर माझे हात धुळीनं काळे होते, ते कोणी धुवायलाही सांगितलं नव्हतं.

परत येताना बायको मागे बसून बोलत होती, बाबांनी तुमची माफी मागितली, किती मान आहे तुम्हाला. मी गाडी चालवत होतो. पाठीवर धपाट्याची जागा शोधत होतो, ती शिल्लक नव्हती.

पाऊस सुरू झाला. धानाचं रोवणं झालं. सासरी फोन केला की मी विचारायचो, ‘टिनं कशी हायेत?’ सासरा म्हणायचा, ‘काई तरास नाई पाहुणे. देवाची कृपा.’ मला ते ऐकून बरं वाटायचं असं मी म्हणणार नाही.

श्रावणात एक दिवस मी भंडाऱ्याजवळ एका शेडवर होतो. वर होतो, आढ्यावर. खिशात फोन वाजला. सासऱ्याचं नाव. मी धरला तर पलीकडून आवाज आला, ‘अबे, कसा कसला बे तो स्क्रू तू?’

मला वाटलं चुकून मला लागला. मी म्हणालो, ‘मामाजी, मी बोलतो.’

‘तुलेच बोलून राहिलो! पानी टिपकून राहिलं ना माह्या खाटेवर! सारं गोदडं ओलं केलं. बाकी साऱ्या घरात थेंब नाई, तुयाच स्क्रूतून येऊन राहिलं. कस्तो कस्तो, किती कस्तो? गधा कुठला. ये इकडं.’

मी नव्या जोडीदाराला सांगितलं, उतर, आज बस्स. तो म्हणाला, दोनच टिनं राहिली. मी म्हणालो, उद्या.

आसगावला पोहोचलो तेव्हा पाऊस थांबला होता. बांध्यांत धान हिरवंगार उभं होतं. दारातून दिसलं, आत खाट सरकवलेली आणि तिच्या जागेवर पितळेचं घमेलं. साडभाऊ दारातच होता, शिडी भिंतीला लावून. मी म्हणालो, ‘एका वायसरचं काम होतं. तू नाई केलं?’

‘म्हणलो ना मी. दोनदा म्हणलो,’ तो घमेल्याकडे पाहत म्हणाला. ‘चढू देल्लं नाई मले. म्हणे, ज्यानं कसला त्यालेच येऊ दे, त्याचाच कान पिळतो. सकाळपासून तुयंच नाव घेऊन राहिला म्हातारा.’ मग शिडी नीट टेकवत म्हणाला, ‘मी इथं येऊन एवढे दिवस झाले. मले कधी कोनी खुर्ची देल्ली नाई, हे तुले मालूम हाये का? आता शिव्याबी तूच घे.’

त्याच्या तोंडावर काय होतं ते मी लगेच ओळखलं. दाढी करताना आरशात मी तेच पाहत आलो होतो. मला त्याची दया यायला पाहिजे होती. आली नाही. बरं वाटलं.

सासरा आतून आला. डोक्यावर टोपी नव्हती, खांद्यावर ओलं गोदडं. वाकला नाही. ‘पाहतो काय? चढ पहिले. चाय मंग भेटन.’

‘मी जवाई ना मामाजी. पितरं काय म्हणतीन?’

‘चढून पडलास ना एकदा छातीनं? आता काय म्हणतेत पितरं. चढ.’

मी चढलो. टिनं धुवून चकचकीत झाली होती. आढ्याजवळ तो स्क्रू होता, डोक्याखालून रबर फाटून बाहेर आलेलं. सोडवला. जुना वायसर खिशात टाकला. नवा चढवला, स्क्रू भोकात घातला आणि पाना फिरवायला लागलो. रबर टिनावर बसलं. किंचित दबलं. इथे थांबायचं असतं.

खालून आवाज आला, ‘झालं का बे?’

मी पाना तसाच धरून ठेवला. आता थांबलो तर हे घर पुढची कितीतरी वर्षं गळणार नाही.

‘थांबा ना बाबा,’ मी म्हणालो, ‘होऊन राहिलं.’